अमेरिकेत एमएलआयएस: ॲडव्हायजर काय सांगेल, काय नाही

तुम्ही विचारलंय की पुण्यात एम.लिब. झालंय, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीही केली. आता अमेरिकेत एमएलआयएस, म्हणजे ग्रंथालय आणि माहितीशास्त्राची मास्टर्स, करायची तर विषयांची निवड आणि पुढची नोकरी याबाबत तिथला ॲडव्हायजर (अभ्यासाचा सल्लागार) मार्गदर्शन करेल ना?

अर्धंच करेल. ॲडव्हायजर बहुधा प्राध्यापक असतात. किती क्रेडिट उरले, मेटाडेटाचा (पुस्तकांबद्दलच्या नोंदींचा) कोर्स कोणत्या सत्रात येतो, हे त्यांना पाठ असतं. व्हिसाचं मात्र इंटरनॅशनल ऑफिसला विचारायचं आणि रेझ्युमे करिअर सर्व्हिसेसला दाखवायचा. या तीन खिडक्या एकमेकींशी क्वचितच बोलतात. आपल्या सरकारी कचेऱ्यांत फाईल घेऊन फिरायची सवय असेल तर इथे ती उपयोगी पडेल!

खरा निर्णय प्रवेशाआधीचा आहे. अभ्यासक्रमाला अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची, म्हणजे एएलएची मान्यता हवीच. त्यानंतर विद्यापीठाला सरळ ईमेल करा: आय-ट्वेंटीवर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर) सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी क्रमांक, कोणता येणार? लायब्ररी सायन्सचा २५.०१०१ असेल तर पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करायच्या तात्पुरत्या परवानगीचे, १२ महिने मिळतात. इन्फर्मेशन सायन्सचा ११.०४०१ असेल तर स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञानाचा विषय) म्हणून आणखी २४ महिने मागता येतात. हे पदवीच्या नावावरून कळत नाही. सॅन होझे स्टेटसारखे पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम एफ-वन या विद्यार्थी व्हिसाला चालत नाहीत, ती नावं यादीतून आधीच काढा.

दुसरी मास्टर्स कशाला, असं घरचे विचारतीलच. एएलएच्या धोरणात परदेशातली मान्यताप्राप्त पदवीही धरली जाते, हे खरं. पण कामाचा परवाना नसलेल्या उमेदवाराला मुलाखतीला कोण बोलावणार? माझ्या मते आपण इथे पैसे मोजतो ते ओपीटीसाठी आणि इथल्या शिफारसींसाठी. वर्गीकरण आपल्याला येतंच.

म्हणून विषय जाहिरातींवरून ठरवा. एएलएच्या जॉबलिस्टवर आवडीच्या पदांच्या जाहिराती काढा, पुन्हा पुन्हा दिसणारी कौशल्यं अधोरेखित करा आणि तो कागद घेऊनच ॲडव्हायजरला भेटा. 'मी काय घेऊ?' विचारलंत तर ठरलेली यादी हातात पडते. 'या पदासाठी माझ्यात काय कमी आहे?' विचारलंत तर ते खुर्ची पुढे ओढून बोलायला लागतात. कोहा किंवा सोल ही ग्रंथालयाची सॉफ्टवेअर हाताळली असतील तर तेही सांगा, ते आपणहून विचारणार नाहीत.

आपल्यासाठी विद्यापीठांची ग्रंथालयं जास्त सोयीची, कारण त्यांना एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा आणि लॉटरी लागू नाही. सार्वजनिक ग्रंथालयांना ही सूट सहसा नसते. पण विद्यापीठांची भरती संथ: समिती, फोनवर मुलाखत, मग दिवसभराची भेट आणि सादरीकरण. मे महिन्यात पदवी असेल तर आधीच्या हिवाळ्यातच अर्ज सुरू करा. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो आणि पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांहून जास्त बिनकामाचं राहता येत नाही.

मराठीच्या जोरावर ग्रंथालयाच्या दक्षिण आशिया विभागात जागा मिळेल, यावर फार विसंबू नका. शिकागो विद्यापीठासारख्या मोजक्या ठिकाणीच अशी पदं असतात आणि ती वर्षानुवर्षं रिकामी होत नाहीत. विद्यार्थी म्हणून मराठी पुस्तकांच्या कॅटलॉगिंगचं काम मिळालं तर मात्र जरूर घ्या. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. असिस्टंटशिपसाठी (विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या पगारी सहाय्यकपदासाठी) विभागाच्या उत्तराची वाट बघत बसू नका, ग्रंथालयातल्या विभागप्रमुखांना थेट लिहा.