जुनं इंग्रजी मृत्युपत्र पहिल्यांदा वाचताना

सतराव्या शतकातल्या एका इंग्रज सुताराचं मृत्युपत्र वाचायला घेतलंय म्हणालात, फार आनंद झाला. सुरुवातीला थोडंच सांभाळा.

पहिल्या ओळींत अडकू नका. ‘देवाच्या नावाने, आमेन’ आणि आत्मा देवाच्या हवाली करणं, हा बहुधा लेखनिकाचा ठरलेला मायना असतो. खरा माणूस त्यानंतर भेटतो: कोणाला पिसांची गादी, कोणाला पितळेचं भांडं, कोणाला कामाची हत्यारं. गादी क्षुल्लक समजू नका, घरातल्या महागड्या वस्तूंत ती मोडायची. आणि हत्यारं कोणाकडे गेली ते जरूर टिपा. धंदा पुढे कोण चालवणार, याचा अंदाज तिथेच येतो.

नवखे बहुतेकदा इथे चुकतात:

- थोरल्याला एकच शिलिंग दिसला की ‘बापाने तोडलं’ असं ठरवतात. त्याचा वाटा आधीच दिलेला असू शकतो, किंवा जमीन वारशाने त्याच्याकडेच जाणार असते.
- नाती आजच्या अर्थाने घेतात. ‘सन-इन-लॉ’ म्हणजे सावत्र मुलगाही असे. ‘कझिन’ तर पुतण्या-भाचीलाही म्हणत.
- तारीख. 1752 पूर्वी इंग्लंडात नवं वर्ष 25 मार्चला सुरू होई. म्हणून त्यांचा फेब्रुवारी 1640 हा आपला फेब्रुवारी 1641.

सोबत मालमत्तेची यादी असेल तर तीही घ्या. ती बहुधा शेजारीपाजारीच करत, कधी खोलीखोलीत फिरून प्रत्येक वस्तूची किंमत लावत. लिपीचे बारकावे आत्ता नकोत. आधी हे एक मृत्युपत्र शेवटपर्यंत उतरवून काढा, अडलेले शब्द रिकामे ठेवा आणि मला दाखवा.