‘सोल्तार्से’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा अशी आहे: “मी पुण्यात स्पॅनिश शिकते, दुसरं वर्ष आहे. आमच्या बाई स्पेनच्या आहेत. तोंडी परीक्षेनंतर त्यांनी माझ्या कागदावर शेरा लिहिला, ‘या ते बास सोल्तांदो’. ‘बास’ वाचून आधी पोटात गोळाच आला. फोननं भाषांतर दिलं, ‘आता तू स्वतःला सोडून देत आहेस’. वर्गातला एक मित्र म्हणतो, ‘तू सुटत चालली आहेस’. शेरा चांगला की वाईट? आणि याला मराठीत नेमकं काय म्हणायचं?”

शेरा चांगला आहे. नुसता चांगला नाही, हेवा वाटावा असा आहे. मला तो मिळायला चार वर्षं लागली होती.

‘बास’चं आधी निस्तरू. स्पॅनिशमध्ये ‘व’चं अक्षर लिहितात, पण उच्चार ‘ब’सारखा करतात. इथलं ‘बास’ म्हणजे ‘तू जातेस’. ‘या’ म्हणजे आता, एव्हाना. ‘सोल्तांदो’ हे ‘सोल्तार’ या क्रियापदाचं रूप, आणि सोल्तार म्हणजे सोडणे. हातातली दोरी सोडणे, कुत्र्याला सोडणे, ते सगळं.

फोन घसरला तो ‘ते’ या शब्दावर. त्यानं त्याचा अर्थ ‘स्वतःला’ असा घेतला, आणि त्यातून तुम्ही आयुष्याला कंटाळल्यासारखं वाक्य तयार झालं. खरं तर हे प्रकरण मराठी माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. आपल्याकडे सोडणे–सुटणे, फोडणे–फुटणे, तोडणे–तुटणे अशा जोड्या आहेत. कुणीतरी करतं ते एक, आपोआप होतं ते दुसरं. मराठी आतला स्वर बदलते, स्पॅनिश शेपटीला ‘से’ लावते. सोल्तार म्हणजे सोडणे, सोल्तार्से म्हणजे सुटणे. समोरच्याला ‘तू’ म्हणताना याच ‘से’चं ‘ते’ होतं. रोम्पेर म्हणजे फोडणे, रोम्पेर्से म्हणजे फुटणे. ‘से मे रोम्पिओ एल बासो’ हे वाक्य इंग्रजीतून समजावताना शिक्षकांना घाम फुटतो. आपण सरळ म्हणतो, “माझ्या हातून पेला फुटला.” फुटलाही आणि दोषही अर्धाच लागला! दोन्ही भाषांना ही पळवाट सारखीच प्रिय आहे.

दुसरी गंमत ‘बास’मध्येच आहे. ‘जाणे’ या क्रियापदापुढे ‘-आंदो’वालं रूप आलं की हळूहळू, दिवसागणिक होत असलेला बदल कळतो. ही तर आपली ‘-त चालणे’ची रचना झाली: अंधार पडत चाललाय, केस पिकत चाललेत. तुमच्या मित्रानं ‘सुटत चालली आहेस’ म्हटलं ते व्याकरण म्हणून पैकीच्या पैकी आहे.

पण व्याकरण पैकीच्या पैकी म्हणून मराठी बरोबर, असं होत नाही. मराठीत माणूस ‘सुटला’ म्हणजे तुरुंगातून सुटला, किंवा खूप दिवस अंथरुणाला खिळलेला बिचारा एकदाचा सुटला. ‘आज काय सुटलाय नुसता’ म्हणजे बोलायचा थांबतच नाहीये. आणि बाईमाणसाला ‘सुटत चाललीस’ म्हटलं तर तिला वाटणार आपलं वजन वाढतंय. मित्राला हे सांगा, त्याच्याच भल्यासाठी.

तरीही सुटणे आणि सोल्तार यांचं गोत्र किती जवळचं आहे ते मला कोशात नाही, माद्रिदच्या एका पावाच्या दुकानात कळलं. एक लांबोडा पाव घेतला आणि वीस युरोची नोट पुढे केली. दुकानदारीण नोटेकडे बघत म्हणाली, “तिएनेस सुएल्तो?” सुएल्तो हे सोल्तारचंच भावंड, ‘सुटा’ या अर्थाचं. क्षणभरही न अडखळता माझ्या डोक्यात उमटलं: सुट्टे आहेत का? इंग्रजीतून जायची वेळच आली नाही. नेहमीसारखं माझ्याकडे नव्हतेच, तो भाग वेगळा. तिनं केलेलं तोंडसुद्धा आपल्या बस-कंडक्टरच्या तोंडाशी जुळणारं होतं.

सुएल्तो पुढे आणखी कुठे कुठे भेटतो ते पाहा. ‘आरोथ सुएल्तो’ म्हणजे शीत न् शीत वेगळं असलेला मोकळा भात. ‘पेलो सुएल्तो’ म्हणजे मोकळे केस. थोडक्यात, आपण जिथे ‘सुटा’ आणि ‘मोकळा’ असे दोन शब्द वापरतो तिथे त्यांचं एका शब्दावर भागतं. केसांच्या बाबतीत मात्र जपा. ‘सोल्तार्से एल पेलो’ म्हणजे संकोच गुंडाळून ठेवून मनासारखं वागणे. मराठीत तिन्हीसांजेला केस मोकळे सोडलेली बाई पाहून आजी काय म्हणेल हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आता बाईंच्या शेऱ्याकडे. स्पॅनिशमध्ये मूल पहिल्यांदा आधाराशिवाय पावलं टाकतं तेव्हाही सोल्तार्से म्हणतात, आणि ते बोलू लागतं तेव्हाही. नवी भाषा शिकणारा मनात वाक्य जुळवायचं थांबवून बोलून टाकायला लागला की त्यालाही तेच. पकड सैल झाली, आधार सुटला, असं चित्र आहे.

मग मराठीत ‘मोकळी होत चाललीस’ म्हणावं का? चित्र जुळतं, पण ‘मोकळी झाली’ हे बाळंतपणाबद्दलही म्हणतात आणि काडीमोडाबद्दलही. ‘मोकळेपणानं बोलायला लागलीस’ चालेल, फक्त ते जरा निबंधातलं वाटतं. ‘रुळत चाललीस’ चांगलं आहे, पण माणूस नव्या नोकरीत किंवा सासरी रुळतो, त्यात बोलण्याचा ठसका येत नाही. ‘जीभ वळायला लागली’ म्हणजे उच्चार जमू लागले. ‘पेर्रो’मधला तो थरथरता ‘र्र’ आला की तेव्हा म्हणा.

माझं मत ‘भीड चेपणे’ला. “आता तुझी भीड चेपत चालली आहे.” चित्र उलटं आहे, तिकडे काहीतरी सैल होतं आणि इकडे काहीतरी दाबलं जातं, पण घडतं तेच. भीड म्हणजे भीती नव्हे. समोरच्या माणसामुळे वाटणारा संकोच म्हणजे भीड, आणि परकी भाषा बोलताना जीभ अडते ती बहुतेक वेळा याच संकोचानं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते भाषेलाही लागू आहे, भिडस्ताला पाण्याचा पेलासुद्धा मागता येत नाही.

तुमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी ‘मला नावानं हाक मारा, तू म्हणा’ असं सांगितलं असेल, तर तीही भीडच चेपायची युक्ती होती. स्पेनमध्ये विद्यार्थी सर्रास शिक्षकांना ‘तू’ म्हणतात. त्याला क्रियापद आहे, तुतेआर, म्हणजे आपलं ‘अरेतुरे करणे’, मात्र त्यातला उद्धटपणा काढून टाकून. आपल्या तोंडून पहिले सहा महिने ‘उस्तेद’च, म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’च निघतं. आणि तेही बरंच आहे, कारण पुढे कोलंबियात, बोगोताला गेलात तर तिथे मित्रमित्र आणि सख्खी भावंडंही एकमेकांना उस्तेद म्हणताना भेटतील.

परीक्षेच्या गुणांच्या तक्त्यात ‘सोल्तार्से’ का दिसत नाही, असा प्रश्न पडेल. ‘देले’ या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या तोंडी भागात सुसंगती, ओघ, अचूकपणा आणि आवाका अशा बाजूंनी गुण देतात. त्यातला ‘ओघ’ म्हणजे फ्लुइदेथ. सोल्तुरा, म्हणजे मोकळेपणा, ही त्याची जरा घरगुती बहीण. ओघ आला की ऐकणाऱ्याला बरं वाटतं, सोल्तुरा आली की बोलणाऱ्याला. तिची खूण चुका कमी होण्यात नसते. माझ्या बाबतीत ती ‘एस के…’मध्ये दिसली. उशिरा पोचल्यावर तयार करून ठेवलेलं माफीचं वाक्य म्हणण्याऐवजी माझ्या तोंडून आपसूक निघालं, “एस के…” म्हणजे “त्याचं काय झालं…” पुढचं सगळं व्याकरण चुकलं, पण वर्ग हसला. अशा शब्दांना स्पॅनिशमध्ये ‘मुलेतिया’ म्हणतात, म्हणजे छोटी कुबडी. आधार सुटला म्हणून कौतुक होतं तेव्हाच हातात कुबडी आलेली असते!

जाता जाता एक सावधगिरी. ‘सोल्तेरो’ म्हणजे अविवाहित, हा शब्द पाहून ‘अजून बेडीत न अडकलेला, सुटा’ अशी व्युत्पत्ती लावायचा मोह होईल. मीही ती वर्षभर ऐटीत सांगत होतो. तो शब्द ‘एकटा’ या अर्थाच्या लॅटिन सोलितारियुसवरून आला आहे, सोल्तारशी त्याचा संबंध नाही. त्याला मराठीत सडाफटिंग म्हणा, सुटा नको.