कात्रज घाट चढून गाडी बंद केली की उन्हाळ्यात जुनी प्रीमियर पद्मिनी परत सुरू का होत नाही?

बहुधा पेट्रोल उकळतंय: इंजिन बंद झालं की पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात आणि बॉनेटखालची उष्णता पेट्रोल पंपात आणि कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) चढते. पद्मिनीचा यांत्रिक पंप थेट इंजिनवरच असतो. त्यात वाफ भरली की पेट्रोल ओढलं जात नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आणखी लवकर वाफाळतं.

आधी वास घ्या, उपाय त्यावरच ठरतो. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर इंजिन ओव्हरफ्लो झालंय, म्हणजे त्यात जास्त पेट्रोल गेलंय: ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, तो पुन्हा पुन्हा दाबू-सोडू नका, मग स्टार्टर द्या. वास नसेल तर बॉनेट उघडा, पंपावर आणि पेट्रोलच्या नळीवर ओलं फडकं ठेवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा.

कायमचं करायचं असेल तर नळी एक्झॉस्टपासून लांबून फिरवून घ्या आणि कार्बोरेटरखालचा उष्णतारोधक स्पेसर शाबूत आहे का बघा. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवणं सर्वांत खात्रीचं, मात्र इंजिन बंद पडताच तो थांबेल असा कटऑफ हवाच. अपघातात चालू राहिलेला पंप आग लावू शकतो.

तापलेली इग्निशन कॉइलही (स्पार्कसाठी वीज देणारा भाग) हुबेहूब हीच लक्षणं दाखवते, म्हणून खर्चाआधी गरम इंजिनवर स्पार्क तपासून घ्या.