एकेटी सुरू करण्याआधी

प्रिय डॉक्टर,

तेवीस दिवसांचा ताप, कल्चर निगेटिव्ह (रक्तात जंतू वाढले नाहीत), सीटीत काही नाही आणि वरिष्ठ म्हणतात की एकेटी, म्हणजे क्षयाची औषधे, देऊन पाहा. तुझी घालमेल मला समजते. पण दोन पाने भरून तू रिपोर्ट कळवलेस आणि तो माणूस पोटासाठी काय करतो हे एका ओळीतही लिहिले नाहीस, याचा मला राग आला. परत खाटेपाशी जा.

पीटर्सडॉर्फ आणि बीसन यांनी १९६१ मध्ये या अशा कारण न सापडणाऱ्या तापाची व्याख्या केली: १०१ अंशांवर वारंवार जाणारा, तीन आठवड्यांहून जुना, आणि रुग्णालयात आठवडाभर तपासूनही निदान न झालेला. तो आठवडा रोज नव्याने विचारण्यासाठी आणि नव्याने तपासण्यासाठी आहे, असे मी मानतो.

मी स्वतः हे एकदा केले नाही. एका बाईंना मी विचारले, घरी जनावरे आहेत का; नवऱ्याने नाही म्हटले आणि मी पुढच्या खाटेकडे गेलो. एकेटी सुरू केली, ताप उतरला, आणि निदान बरोबर निघाले असे मी समजलो. एकेटीतले रिफॅम्पिसिन जनावरांकडून येणाऱ्या ब्रुसेला या जंतूलाही काही काळ दाबते, हे ठाऊक असूनही त्या वेळी मला सुचले नाही. चार महिन्यांनी त्या कंबर धरून परत आल्या तेव्हा मणका पोखरला होता. शेळ्या माहेरी होत्या, आणि गाभडलेल्या शेळीचे करडू त्यांनी हाताने ओढून काढले होते. हे त्यांनी वॉर्डातल्या मावशींना सांगितले होते, कारण मावशी त्यांच्यापाशी बसल्या होत्या.

तेव्हापासून मला हट्टी म्हणतात. रुग्ण ढासळत असेल तर मीही थांबत नाही. पण तो स्थिर असताना निदानाआधी स्टेरॉइड देऊन लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग, झाकून टाकणे मला कधीच पटले नाही, आणि त्यासाठी घेतलेल्या वादांचा मला पश्चात्ताप नाही.

म्हणून परत जा. कच्चे दूध, गोठा, माहेर, प्रवास विचार. आधी कुठे कोणती इंजेक्शने घेतली तेही विचार, कारण एंडोकार्डायटिसमध्ये, म्हणजे हृदयाच्या झडपांच्या संसर्गात, अनेकदा त्यांनीच कल्चर निगेटिव्ह येते. काखेत आणि जांघेत स्क्रब टायफसची, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून येणाऱ्या तापाची, काळी खपली शोध. कपडे न काढता ती दिसत नाही. चालू औषधांतल्या एखाद्यानेच ताप येत नाही ना, हेही पाहा. लॅबला ब्रुसेलाचा संशय आजच कळव, कारण त्याची वाढ सावकाश होते आणि हाताळणाऱ्यालाही धोका असतो.

उद्या राउंडच्या आधी, नातेवाईक बाहेर असताना, स्टूल ओढून बस, आणि तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत मला लिही.

तुझा,
सर