अपरिपक्व बीजांसाठी ६० हजार? त्याआधी ती पॉलिसी थांबवा

प्रश्न : वय ३५, अविवाहित. डोंबिवलीला आईच्या घरी राहते, नोकरी लोअर परळला, हातात ८० हजार येतात. आई माझ्यावरच अवलंबून आहे. एग फ्रीझिंगच्या, म्हणजे स्त्रीबीजं गोठवून ठेवण्याच्या, पहिल्या सायकलमध्ये (उपचाराच्या फेरीत) १४ बीजं मिळाली. ९ परिपक्व होती ती गोठवली, ५ अपरिपक्व म्हणून टाकून दिली. दुसऱ्या सायकलचा खर्च २ लाख ४० हजार आहे. आणखी ६० हजार भरले तर या वेळी अपरिपक्व बीजंही गोठवू, पुढे ती प्रयोगशाळेत वाढवता येतात, असं क्लिनिकच्या समुपदेशक म्हणाल्या. भरू का? बँक ३ लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी देते आहे. २ लाखांची एफडी अडीअडचणीसाठी ठेवली आहे. बाजूला काढलेले दीड लाख वापरता येणार नाहीत, कारण होणाऱ्या बाळाच्या शिक्षणासाठी घेतलेल्या पॉलिसीचा तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे.

उत्तर : ६० हजार भरू नका.

समुपदेशक बाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. अपरिपक्व बीज गोठवून, नंतर वाढवून मूल झाल्याची नोंद १९९८ पासून आहे. पण अशी मुलं फार थोडी आहेत. पूर्ण वाढलेल्या बीजात गुणसूत्रं वाटून देणारी धाग्यांची नाजूक रचना असते, आणि थंडीने ती विस्कटू शकते. अगदी कोवळ्या बीजात ती अजून तयारच झालेली नसते, म्हणून आधी गोठवलेलं बरं, असा मूळ विचार होता. प्रत्यक्षात वितळवल्यानंतर त्यातली बरीच बीजं पुढे वाढतच नाहीत. बाहेरचं कवच कडक होतं, केंद्रक आणि भोवतालचा पेशीद्रव यांची वाढ एकमेकांशी जुळत नाही, आणि फलन झालं तरी चांगला गर्भ तयार होण्याचं प्रमाण कमी राहतं. शिवाय तुमची ती पाच बीजं वाढीसाठी दिलेल्या दहा-बारा दिवसांच्या इंजेक्शनांनंतरही मागे राहिलेली होती. मुळातच ती कमकुवत असण्याची शक्यता जास्त.

हा मार्ग ज्यांच्यासाठी खरोखर मोलाचा आहे, त्या वेगळ्या. केमोथेरपी तोंडावर आली आहे आणि इंजेक्शनांना वेळ नाही अशा स्त्रिया, किंवा वयात न आलेल्या मुली. तुम्ही त्यांत नाही.

डॉक्टरांना एवढंच विचारा : अपरिपक्व बीजं एक दिवस प्रयोगशाळेत ठेवून, जी परिपक्व होतील तेवढीच गोठवता येतील का? आधी वाढवून मग गोठवणं हे सहसा उलट क्रमापेक्षा सरस ठरतं. अशी बीजंही शरीरातच परिपक्व झालेल्या बीजांच्या तोडीची नसतात, तेव्हा त्यासाठी मोठी रक्कम मागितली तर तिलाही नाही म्हणा.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, त्याकडे वळतो.

तुम्ही पाठवलेला पॉलिसीचा कागद पाहिला. वर्षाला दीड लाख, दहा वर्षं, म्हणजे १५ लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी ३० लाख मिळायचे. "दुप्पट, तेही गॅरंटीड," असं बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने सांगितलं आणि तुम्हाला ते एफडीसारखं वाटलं. हिशेब केला तर परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. हाच दीड लाख तितकीच वर्षं पीपीएफमध्ये टाकला आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला, तर विसाव्या वर्षी ४४ लाख होतात. १४ लाखांचा फरक! आणि महागाई सहा टक्के धरली तर ते ३० लाख आजच्या साडेदहा लाखांइतकेच. तेवढ्यात कोणतं शिक्षण होणार आहे? जे मूल अजून जन्मलेलं नाही, त्याच्या नावाने भावनेला हात घालून हे विकलं गेलं, याचा मला मनापासून राग येतो.

आणि तुमच्या जिवावरचं विमासंरक्षण किती? १५ लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर आईचं त्यात किती वर्षं भागेल? १ कोटीचा टर्म इन्शुरन्स (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) तुमच्या वयाला वर्षाला साधारण दहा-बारा हजारांत मिळतो. तो आधी घ्या.

म्हणजे साडेचार टक्क्यांची पॉलिसी चालू ठेवण्यासाठी तुम्ही चौदा टक्क्यांचं कर्ज काढता आहात. तीन वर्षांसाठी घेतलं तर ईएमआय सव्वादहा हजार, आणि व्याजच सत्तर हजारांच्या घरात.

तिसरा हप्ता भरू नका. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज सरेंडर केली, म्हणजे मोडून पैसे परत घेतले, तर किती, आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू ठेवली, तर मुदतीअंती किती. दहापैकी दोन हप्ते भरलेत, त्या हिशेबाने पेड-अपचे सुमारे सहा लाख मिळतील, तेही अठरा वर्षांनी. सात टक्के परतावा धरला तर आज त्यांची किंमत पावणेदोन लाखांच्या आसपास. सरेंडरला तेवढे किंवा जास्त मिळत असतील तर डोळे मिटून सरेंडर करा. फारच कमी मिळत असतील तर पेड-अप करून विसरून जा. तीन लाख भरलेत म्हणून आणखी बारा लाख भरायचे, हा हट्ट मात्र नको.

हप्त्याचे दीड लाख मोकळे झाले की दुसऱ्या सायकलला ९० हजार कमी पडतात. सरेंडरच्या पैशांतून ते भागतील. नाही भागले तर घरभाडं नसलेल्या तुमच्या पगारातून तीन-चार महिन्यांत उभे राहतील. तेवढं थांबणं तुमच्या बाबतीत चालेल का, हे डॉक्टरांनी तुमचा एएमएच (बीजांचा साठा किती उरला आहे याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) पाहून सांगायचं. एफडीला हात लावू नका.

एक खर्च तुमच्या पत्रात कुठेच नाही. गोठवलेल्या बीजांचं वार्षिक भाडं, पुढे ती वितळवणं, इक्सी (एकेका बीजात शुक्राणू सोडून फलन करणं), गर्भ गर्भाशयात सोडणं. हे सगळं पॅकेजच्या बाहेर असतं, आणि बहुतेक मेडिक्लेममध्ये वंध्यत्वावरचे उपचार वगळलेले असतात. दरपत्रक लेखी घ्या, क्लिनिकची २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्याखालची नोंदणी तपासा, आणि दुसरी सायकल झाली की दरमहा दहा हजारांची आरडी याच खर्चासाठी वेगळी सुरू करा.