आधी उतरव

चि. संपादकबाई,
अनेक आशीर्वाद.

जपानी प्रकाशकाची मांगा, म्हणजे चित्रकथा, तू विनापरवाना मराठीत करून साइटवर टाकतेस; आता त्याच्याच हक्क विभागाचं उत्तर आलं हे वाचून मलाच हुरूप आला. पण पुढच्याच ओळीत तू लिहितेस, "करार होईपर्यंत जुने भाग साइटवर राहू देत, नाहीतर वाचक पांगतील." इथे माझं डोकं फिरलं. आधी उतरव. सगळं उतरव, मग बोलायला जा.

तू क्रंचीरोल या व्हिडिओ साइटचा दाखला दिलास. 2006 साली बर्कलीच्या पोरांनी ती साइट काढली, लोकांनी चढवलेलं विनापरवाना ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, तिच्यावर चालायचं आणि तशातच 2008 मध्ये व्हेनरॉक या गुंतवणूक कंपनीने सुमारे 40 लाख डॉलर गुंतवले. गर्दी आधी, परवाना नंतर, असा धडा तू काढलास. पण टीव्ही टोकियो या जपानी वाहिनीशी करार होऊन 2009 च्या जानेवारीत 'नारुतो शिप्पुडेन' ही मालिका रीतसर दिसू लागली, तेव्हा विनापरवाना माल त्यांनी खाली घेतला, तेवढं बरं गाळलंस! शिवाय त्यांच्यामागे गुंतवणूकदार होते. तुझ्यामागे कोण? तुझा भाऊ आणि त्याचं क्रेडिट कार्ड.

"मराठीत कोणी आणतच नाही, म्हणून मी आणते" हे खोटं नाही. शुएइशा या जपानी प्रकाशकाचं मांगा प्लस हे ॲप 2019 पासून जपानबरोबरच नवी प्रकरणं फुकट वाचायला देतं. त्यात मराठी नाही. आणि तुझं काम मी पाहिलंय. जपानी ओळी उभ्या, म्हणून संवादाचे फुगे अरुंद. 'आश्चर्यचकित' त्यात मावेना तेव्हा तू नुसतं 'आँ?' लिहिलंस, आणि त्या पोराच्या चेहऱ्याला तेच शोभलं. ही नजर शिकवून येत नाही. पण नजर तुझी असली तरी चित्र तुझं नाही.

आणि साइटवरचे ते वेताळाच्या जुन्या कॉमिक्सचे स्कॅन. ती छापणारं इंद्रजाल कॉमिक्स 1990 मध्ये बंद पडलं, आता कोण विचारतंय, म्हणे. बंद पडलं म्हणजे बेवारस झालं का गं? 1964 साली टाइम्सवाल्यांनी वेताळ आणला तो किंग फीचर्स या अमेरिकी कंपनीकडून हक्क घेऊन. 1976 मध्ये इंद्रजालमध्येच आलेला नायक बहादूर आबिद सुरतींचा. आपल्याकडे लेखकाचा हक्क त्याच्या पश्चात 60 वर्षं टिकतो आणि परवाना तोंडी चालत नाही. तेही उतरव.

मी हट्टी आहे, मान्य. एका चित्रकाराच्या चित्रकथांचं पुस्तक करायचं होतं. मूळ पानांवर निळ्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, फुग्यांत चिकटवलेल्या मजकुराच्या पट्ट्या कडांनी सुटत आल्या होत्या. छपाईच्या पॉझिटिव्ह फिल्म निघाल्या, कागद येऊन पडला, वारसांपैकी फक्त धाकट्याची सही राहिली. भागीदार म्हणाला, "बाजारात तर आणू. पुस्तक हातात पडल्यावर कोण नाही म्हणतंय?" गोम हीच आहे, पोरी. माल दुकानात लावून परवानगी मागितली की समोरच्याला 'नाही' म्हणायला जागाच उरत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या 'हो'ला काय किंमत? सही आली नाही, पुस्तक निघालं नाही, भागीदारी मोडली. ती पानं आज कुठल्या माळ्यावर कुजताहेत कोण जाणे. हळहळ वाटते, खूप वाटते. तरी पुन्हा तसंच करीन. मला सोवळा म्हणणाऱ्यांना म्हणू दे.

वाचक पांगतील? पांगतीलच. सगळे परत येणार नाहीत. आणि परवाना मिळाला की गंगेत घोडं न्हालं असंही समजू नकोस. जेमांगा ही मांगा विकणारी साइट जपानी प्रकाशकांनीच मिळून 2011 मध्ये काढली, 2013 मध्ये बंद केली, आणि पैसे मोजून घेतलेली पुस्तकंही लोकांना वाचता येईनात. तेव्हा साइट बंद पडली तर वाचकाच्या खरेदीचं काय, हे कलम तूच मागून घे. डिजिटल हक्कात छापील येत नाही, भारतापुरत्या हक्कात न्यू जर्सीतला मराठी माणूस येत नाही. प्रत्येक हक्क वेगळा मागावा लागतो. मुदत किती, तेही लिहून घे.

पण हे सगळं नंतरचं. त्या जपानी प्रकाशकाला जे उत्तर लिहिशील त्यात पहिलं वाक्य असू दे, 'आमच्या साइटवर तुमचं जे होतं ते अमुक तारखेला काढलं.' तारीख मेल पाठवण्याच्या आधीची हवी आणि खरी हवी. मसुदा मला दाखव. फोन चारनंतर कर, दुपारी मी झोपतो.