ठासणीच्या रायफलीला कमी कीट धरणारी दारू

आधी तुमच्या रायफलीत दारू पेटते कशाने ते बघा. चकमकीची असेल तर खरी काळी दारूच घ्या. पर्यायी दारूला जास्त उष्णता लागते, नुसत्या ठिणगीवर ती दगा देते. 209 प्रायमरच्या (शॉटगनच्या काडतुसात असते ती पेटवणारी टोपी) इनलाइन, म्हणजे टोपी नळीच्या सरळ मागे बसणाऱ्या, रायफलीला ब्लॅकहॉर्न 209 ही पर्यायी दारू फार स्वच्छ. मात्र तिची काजळी पाण्याने निघत नाही, सॉल्व्हंट लागतो. ट्रिपल सेव्हन या दुसऱ्या पर्यायी दारूत गंधक नाही, नळी साध्या पाण्याने धुता येते. पण ती जोरकस आहे: काळ्या दारूचा बार 100 ग्रेन (दारू मोजायचं एकक) असेल तिथे हिचा 85च भरा, तोही आकारमानाच्या मापाने, तराजूवर तोलून नव्हे. शिवाय गोळी बसते तिथे तिच्या किटाचं कडक कडं धरतं. पुढची गोळी त्यावर अडून दारूपासून वर राहिली तर नळीला धोका! म्हणून दर बारानंतर ओलसर फडका फिरवा. गजावर (गोळी ठासायच्या काठीवर) गोळी पूर्ण बसल्याची खूण करून ठेवाच. बिनधुराची आधुनिक दारू या नळीत कधीही नको, नळी फुटते. ब्लॅकहॉर्नसुद्धा रायफल बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत चालते असं लिहिलेलं असेल तरच.